ऐकण्याचा पेपर

बेळगावात राहणाऱ्या माणसाला परीक्षा आधी भाषेची लागते, मग विषयाची. माझ्या वेळी आप्पांनी मला मराठी शाळेत घातलं आणि सांगितलं, "कन्नडचा पेपर तेवढा पास होण्यापुरता काढून टाक." मी तो तसाच काढून टाकला. काठावर मार्क पडले, घरात पेढे वाटले आणि कन्नडशी माझा संबंध संपला. त्या काठावरच्या मार्कांचा हिशेब चाळीस वर्षांनी भाचीच्या जर्मनच्या परीक्षेवरून निघेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हसलेच असते.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. बी.एस्सी. नर्सिंग झाली आणि इथल्याच एका दवाखान्यात तीन वर्षं वॉर्डात राबली. पगार असा की शिकायला काढलेल्या कर्जाचा हप्ता गेला की हातात रिक्षाचे पैसे उरायचे. मग जर्मनीतल्या एका इस्पितळाशी करार झाला. त्यात अट होती, बी-वन इथं पास होऊन यायचं आणि बी-टू तिकडं आल्यावर पूर्ण करायचं. ते झालं की नर्स म्हणून मान्यता. तोवर ती मदतनीसच.

ज्यांना हे बी-वन, बी-टू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. ए-वन, ए-टू खालच्या, सी-वन, सी-टू वरच्या आणि मधल्या दोन म्हणजे बी-वन आणि बी-टू. बी-वनवाला माणूस प्रवासात, दुकानात, शेजाऱ्याशी निभावून नेतो. बी-टूवाला कामाच्या ठिकाणी वाद घालू शकतो, समजावून सांगू शकतो. मला हे सगळं भाचीनं स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता शिकवलं.

आठ महिने क्लास झाला. पोर हुशार. जर्मनमध्ये देर, दी, दास अशी तीन लिंगं आहेत म्हणून क्लासातली हिंदीवाली मुलं रडायची. ही म्हणायची, "आत्या, आपल्याकडं हायतच की, तो, ती, ते." अर्थात लिंगं तीन असली तरी जुळत नाहीत. जर्मनमध्ये मुलगी हा शब्दच नपुंसकलिंगी, दास मेड्शन. हे ऐकून आमच्या वहिनी म्हणाल्या, "आमचं ते पोरगं म्हणतोच की आपण, तसंच असंल." 'कारण' लावून वाक्य केलं की जर्मन लोक क्रियापद पार शेवटी नेतात. मराठीत ते शेवटीच असतं, त्यामुळं तिथंही हिला अडलं नाही. व्याकरणात पहिली, पत्र लिहिण्यात पहिली. आणि मग परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली.

तोवर मला वाटत होतं, बी-वन म्हणजे एकच परीक्षा. आपली एसएसएलसी कशी, तशी. तर तसं नाही. पूर्वी होती म्हणे तशी. जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट, तिथलीच टेल्क, ऑस्ट्रियाची ओएसडी आणि स्वित्झर्लंडवाले, सगळ्यांची मिळून एक परीक्षा होती, त्सेर्टिफिकाट डॉइच नावाची. मग भाऊबंदकी झाली. 2013 साली गोएथे, ओएसडी आणि स्वित्झर्लंडमधलं फ्रीबुर्ग विद्यापीठ यांनी मिळून बी-वनची नवी परीक्षा काढली. जुन्या घराची घडी टेल्कनं आपल्याकडं ठेवली. त्यामुळं आज बी-वन म्हटलं की दोन चुली दिसतात. दाखला दोन्हीचा चालतो, पायरी तीच. पण मार्क मोजायची रीत वेगळी, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

गोएथेच्या परीक्षेचे चार तुकडे. वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60 आणि बोलणं साधारण 15. प्रत्येक तुकडा 100 मार्कांचा आणि प्रत्येकात 60 पाहिजेत. वाचनात 98 पडले म्हणून ऐकण्यातले 50 भरून निघत नाहीत. मात्र एका तुकड्यात गेलात तर तेवढाच पुन्हा द्यायचा, बाकीचे तीन तुमचे.

टेल्कची रीत एकत्र कुटुंबाची. लेखी परीक्षा 225 मार्कांची. त्यात वाचन 75, व्याकरण 30, ऐकणं 75 आणि पत्र 45. या सगळ्याची बेरीज 135 झाली की लेखी पास. तोंडी वेगळी 75 ची, तिच्यात 45 हवेत. गोएथेत व्याकरणाला वेगळे मार्क नाहीत. इथं आहेत. तिकडं लेखनात तीन कामं, एक मित्राला ई-मेल, एक आपलं मत, एक छोटी औपचारिक चिठ्ठी. इकडं अर्ध्या तासात चार मुद्द्यांचं एक पत्र.

दोन्ही परीक्षांचे नमुना पेपर फुकट मिळतात. भाचीनं घड्याळ लावून दोन्ही सोडवले. टेल्कच्या पेपरात वाचनात 70, व्याकरणात 27 पडले. पत्र क्लासच्या सरांनी तपासलं, 36 दिले. मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली, 133. म्हणजे ऐकण्याच्या 75 पैकी दोन-तीन मार्क आले तरी लेखी पास!

भाऊ एकदम खूश. "अगं मग काय विचार करतीस? हेच दे की. एका फटक्यात सुटतंय."

सरांचंही तेच. क्लासची सगळी पोरं टेल्कला बसणार होती, एकत्र जाणार होती. वहिनींना तर कुठली का असंना, लवकर व्हावं असं होतं. लवकर झालं की काळजी करायला पुढचा विषय मोकळा. तिकडं सगळीकडं बटाटे. आणि डिसेंबरात म्हणे बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर. "वन्सं, दिवस असेतो जेवायचं म्हटलं तर पोरीनं थंडीत उपाशी झोपायचं आणि उन्हाळ्यात झोपायच्या वेळेला जेवायचं काय हो?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

भाची मात्र गप्प होती. ही मुलगी लहानपणापासून एकाच शब्दावर जगत आलेली आहे, 'चालेल'. भाजी कुठली करू? चालेल. नर्सिंगला घालू? चालेल. टेल्कचा फॉर्म भरू? त्यालाही ती चालेल म्हणाली, पण मान खाली घालून. बाईमाणसाला दुसऱ्या बाईमाणसाचा चालेल ओळखता येतो.

रात्री तिला गच्चीवर घेऊन गेले. "ऐकण्यात किती पडले होते खरं सांग," म्हटलं. ती म्हणाली, "आत्या, निम्मेसुद्धा न्हाईत." आणि मग तिनं जे सांगितलं ते तोवर तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

वॉर्डात नवी असताना तिची रात्रपाळी होती. बैलहोंगलकडच्या खेड्यातली एक आजी ॲडमिट होती. मध्यरात्री आजीनं हाक मारली आणि काहीतरी पुटपुटली. हिला ऐकू आलं, 'हेसर'. कन्नडमध्ये हेसर म्हणजे नाव. हिला वाटलं, आजी नाव विचारतेय. हिनं हसून आपलं नाव सांगितलं. आजीनं मान हलवली आणि पुन्हा तेच पुटपुटली. हिनं पुन्हा नाव सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्या वेळी आजीनं हिचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. तेव्हा हिला कळलं, आजी 'उसर' म्हणत होती. उसर म्हणजे श्वास. पलीकडच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजन लावला, आजी वाचली. चार दिवसांनी घरी गेली आणि जाताना हिच्या गालावरून हात फिरवून गेली. पण हिला ते लागून राहिलं.

"शाळेत कन्नडमध्ये मला पास होण्याएवढे मार्क होते, आत्या," ती म्हणाली. "लिहाय-वाचाय येत होतं. ऐकायच येत नव्हतं. आता तिकडं परत तसंच व्हायचं काय?"

मी काय बोलणार! तिच्या कन्नडचे मार्क बघून भाऊ म्हणाला होता, "पास झालीस न्हवं, बास झालं." माझ्या वेळी आप्पा तेच म्हणाले होते. फक्त मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. माझ्या न कळलेल्या कन्नडनं कुणाचा श्वास अडकला नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात आलं ते एवढंच. एक परीक्षा आपला दुबळा भाग झाकून घेते आणि दुसरी तो उघडा पाडते. इथं टेल्कची निंदा मुळीच करायची नाही. ती माणसाची भाषा एकंदरीत तोलते आणि त्यात अन्याय काही नाही. ज्याचा कान बरा पण लेखनात हात थोडा आखडतो, ज्याचं व्याकरण पक्कं आहे आणि ज्याला दाखला ठराविक तारखेला हवाच आहे, त्यानं ती डोळे झाकून द्यावी. पुढं बी-टूला तर टेल्कची खास नर्सिंगची परीक्षाही आहे. त्यात रुग्णाशी बोलणं, वॉर्डातली नोंद असलं रोजच्या कामातलं येतं आणि त्या एकाच पेपरात बी-वन किंवा बी-टू असा निकाल लागतो. म्हणजे कुठली सोपी हा प्रश्नच नव्हे. आपली कुठली बाजू लंगडी आहे आणि पुढचं काम त्या बाजूवर किती भार टाकणार आहे, हे बघायचं. पोर वॉर्डात काम करणार होती. वॉर्डात व्याकरणाचे 27 मार्क ऐकण्यात धरत नाहीत.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, तीही सांगून ठेवते. जर्मनीत 16 राज्यं आणि परदेशी नर्सला मान्यता देणारं कार्यालय ज्या त्या राज्याचं. त्यामुळं कुठला दाखला धरणार हे इथल्या कुणाच्या तोंडून ऐकून ठरवायचं नाही. भाचीनं करारातल्या इस्पितळाला ई-मेल केली, बी-वनसाठी आणि पुढच्या बी-टूसाठी तुमच्या राज्यात काय काय चालतं? दोन दिवसांत उत्तर आलं, दोन्ही चालतात. मग निवड आमची आम्हालाच करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या वेळी ती भावाला म्हणाली, "आप्पा, मी टेल्क देणार न्हाई. पुण्याला जाऊन गोएथेची देतो."

आमच्याकडं बायकाही बोलताना 'देतो', 'जातो' म्हणतात, कोकणातल्या लोकांना ते विचित्र वाटतं. पण त्या दिवशी तो 'देतो' मला फार छान वाटला. भाऊ पोह्याचा घास हातात धरून बघतच राहिला. "खुळी काय तू? सुटतंय ते सोडून न सुटणारं घेतीस?" मग माझ्याकडं वळला, "आक्का, तूच शिकवलंस काय हे?" मी म्हटलं, "मी शिकवलं असतं तर तिला कन्नडसुद्धा आलं असतं."

पुढचे तीन महिने आमच्या घरात जर्मन वाजत होतं. डॉइचे वेले या त्यांच्या प्रसारण संस्थेच्या मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात. सकाळी ताक घुसळताना त्या लागायच्या. गोएथेच्या ऐकण्याच्या पेपराचे चार भाग. दोन भाग दोनदा ऐकवतात आणि दोन भाग एकदाच. एकदाच म्हणजे एखादा गाईड माहिती सांगत चाललाय किंवा बसस्टॉपवर दोघं गप्पा मारतायत आणि आपण बाजूला उभं राहून ऐकतोय, असं. शिवाय बोलणारे जर्मनीचे, ऑस्ट्रियाचे, स्वित्झर्लंडचे, तिघांचे हेल वेगळे. भाची आधी अडखळलेल्या शब्दावर थांबायची आणि तोवर पुढची दोन वाक्यं निघून जायची. मी म्हटलं, "अगं, प्रवचनात एखादा शब्द कळला नाही तर आपण महाराजांना थांबवतो काय? पुढचं ऐकतोच की." हा सल्ला तिला उपयोगी पडला असं ती म्हणते. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल.

बोलण्याच्या परीक्षेत जोडीदार असतो. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एका विषयावर छोटं भाषण करायचं, मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. घरी जोडीदार मी. मी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. मी म्हटलं, "आजारी मैत्रिणीला बघायला रविवारी जाऊ या." तिनं जे उत्तर दिलं त्याचा अर्थ होता, चालेल. मी म्हटलं, "फळं नेऊ या." चालेल. "बसनं जाऊ." चालेल. मग दोघीही हसत सुटलो. परीक्षकाला हे चालणार नव्हतं. दुसऱ्याचं म्हणणं ऐकायचं, ते न पटल्याचं सांगायचं आणि आपला पर्याय पुढं करायचा, यालाच तिथं मार्क आहेत. चोवीस वर्षांच्या पोरीला 'नको, रविवारी मला ड्यूटी आहे, शनिवारी जाऊ' एवढं म्हणायला आम्हाला पंधरा दिवस लागले. ही अडचण जर्मनची नव्हतीच.

भाषणात एक मुद्दा असतो, तुमच्या देशात या बाबतीत काय परिस्थिती आहे. विषय आला होता शाकाहाराचा. ती सुरू झाली, आमच्याकडं कांदा, बटाटा, लसूण न खाणारे लोकही आहेत. वहिनी दारातून म्हणाल्या, "हे त्यास्नी तिथं गेल्या गेल्या सांग, नंतर नको."

रात्रीच्या गाडीनं आम्ही दोघी पुण्याला गेलो. बोट क्लब रोडवर मॅक्समुल्लर भवन आहे. भारतात गोएथे इन्स्टिट्यूटला हेच नाव. सकाळी ती आत गेली. मी बाहेर झाडाखाली उभी होते. इतर मुलांचे आईबाप होते, कुणी नगरचे, कुणी सांगलीचे, एक बाप तर केरळहून आलेला. भाषा कुणाची कुणाला धड कळत नव्हती, पण काय विचारायचंय ते सगळ्यांना कळत होतं.

निकाल लागला. वाचन 93, लेखन 82, बोलणं 78 आणि ऐकणं 57. तीस प्रश्नांपैकी अठरा बरोबर यायला हवेत, सतरा आले होते. एका प्रश्नानं गेली.

भाऊ त्या दिवशी जेवला नाही. "टेल्क दिली असतीस तर आज व्हिसाचे कागद भरत असतीस," एवढंच म्हणाला, आणि ते खरं होतं. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. तिचं जाणं लांबलं, व्याजाचे आणखी हप्ते गेले, तिच्याबरोबरच्या दोघीजणी विमानात बसल्या. त्या रात्री मलाच वाटलं, आपण पोरीला भलत्याच हट्टाला लावलं. शहाणपण दुसऱ्याच्या आयुष्यावर करणं सोपं असतं.

भाची रडली. मग दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर तिनं एक नवीन उद्योग सुरू केला. वॉर्डात कन्नड बोलणारा पेशंट आला की मराठी येणाऱ्या नातेवाइकाला मध्ये न घेता स्वतः बोलायचं. "कान तो एकच हाय न्हवं आत्या," ती म्हणाली, "हिकडं उघडला की तिकडं बी उघडंल." हे शास्त्राला धरून आहे की नाही मला माहीत नाही. पण तीन महिन्यांनी तिनं फक्त ऐकण्याचा तुकडा पुन्हा दिला. 73 पडले.

आता ती तिकडं आहे. बी-टूची तयारी चालली आहे, आणि यावेळी ती टेल्कची नर्सिंगची परीक्षा देणार आहे, कारण तिचा दिवस त्याच शब्दांत जातो. हे तिनं स्वतः ठरवलं, मला नुसतं कळवलं. फोनवर सांगत होती, तिथले म्हातारे गावाकडच्या बोलीत बोलतात, पुस्तकातलं जर्मन कुणी बोलतच नाही. पहिले काही दिवस पुन्हा सगळं 'हेसर' ऐकू येत होतं. "मग काय करतीस?" मी विचारलं. "विचारतो की, वी बिटे? म्हणजे परत सांगा. परीक्षेत एकदाच ऐकवतात आत्या, पण माणसं परत सांगतात."

परवा बाजारातून येताना बसमध्ये कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. एरवी मी हसून मान हलवते आणि तिकिटाचे पैसे पुढं करते. त्या दिवशी म्हटलं, "इन्नोम्मे हेळ्री." पुन्हा एकदा सांगा. तो सुट्टे पैसे मागत होता.